खाली बघून चालणारी पोर

माझ्या पोरीला, भागूला, लहानपणी बघून लोकं मला काय म्हणायची ते आधी सांगते. मग मला एवढा राग कशाचा येतोय, ते तुमचं तुमाला कळंल.

“चंदनबाला, पोर न्हाई ही, साध्वी हाय गं साध्वी!”

का, तर ती खाली बघून चालायची. आमच्या जैनात तसं शिकवत्यातच. पायाखाली मुंगी यील, किडा यील, म्हणून चार हात पुढची जमीन बघत, जपून पाऊल टाकायचं. मुनीमहाराज, साध्वी माताजी तसंच चालत्यात. आपण संसारी माणसं कुठलं पाळतोय? रविवारच्या पाठशाळेत मान हलवायची आणि बाहेर पडलं की चपला फटाफटा वाजवत सुटायचं. पण आमची भागू, भाग्यश्री, पाळायची. पाच-सहा वर्षांची असल्यापास्नं. माधवनगरात आमच्या गल्लीत बाकीची पोरं वारं प्यालेल्या वासरागत उधळायची आणि ही आपली मान खाली घालून, एकेक पाऊल चाचपत, भिंतीच्या कडंकडंनं.

दिवस बुडला की घराबाहेर पडायची न्हाई. आमी दिवस बुडायच्या आत जेवून घेतो, रात्री तोंडात पाण्याचा थेंब न्हाई. जेवणं झाली की पोरं पुन्हा खेळायला पळायची, पण भागू आजीच्या मांडीला मांडी लावून णमोकार मंत्र म्हणत बसायची. आणि बस्तीत, म्हंजे आमच्या मंदिरात, गाभाऱ्यात अंधार असतो, तिथं ती आत पाऊल टाकायचीच न्हाई. उंबऱ्यावर हात जोडून उभी. आत ये म्हटलं तर मान हलवायची. बस्तीतले पुजारी, उपाध्ये, सगळ्यांना सांगायचे, “बघा, एवढ्याशा लेकराला केवढा विनय हाय.”

आणि घरात? घरात हीच साध्वी रोज कुणाच्या तरी ताटात पाय घालायची. तांब्या लवंडायची. दाराची कडी कपाळावर आपटून घ्यायची. मी आधीच तापट, माझ्या तोंडाला कवा फडकं नसतंय. मी ओरडायची, “डोळं हायत का बटणं गं?” ती हसायची आणि फडकं आणून पुसून घ्यायची. बाहेर साध्वी, घरात वेंधळी, असं आमी दोन खणात दोन भागू ठेवल्या हुत्या. दोघी एकच हायत, हे कुणाच्या डोक्यातच आलं न्हाई.

सगळ्यात जास्त कौतुक माझ्या सासूबाईला. सासू म्हंजे माझी सख्खी आत्या, सुंदरीआत्या. आमच्यात मामाची पोरगी करायची पद्धत. पोरगी घरातली घरात राहती, सोनं घरातलं घरात राहतं, चालीरीती शिकवाव्या लागत न्हाईत. मी शाळा सोडली न सोडली, तवरच आत्या माझ्या वडलांना म्हणाली, “दादा, चंदू मला दे.” झालं. आत्याचा धन्यकुमार माझा नवरा झाला. नाव एकदाच घेतलं, आता ‘हे’ म्हणते. ह्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान. माणूस गोगलगाईसारखा, आवाज कसला तो न्हाईच. घरात आवाज दोघींचाच, माझा आणि आत्याचा.

आत्या भागूला घेऊन गावभर मिरवायची. “आमच्या घराण्यात असा जीव जन्माला आला,” म्हणायची. “चंदू, तुझ्या पोटाचं पुण्य.” मलाबी बरं वाटायचं की! खोटं कशाला बोलू.

*

भागू बारावीला हुती तवा चातुर्मासात एक माताजी आमच्याकडं बस्तीत राहिल्या. त्यांचा आहार आपल्या घरी व्हावा म्हणून प्रत्येक घर धडपडायचं. माताजी दिवसातनं एकदाच जेवणार, मौनानं, ओंजळीत. आपण एकेक घास नीट शोधून, म्हंजे बारकाईनं बघून, त्यांच्या ओंजळीत ठेवायचा. आणि त्या घासात केस निघाला, मुंगी निघाली, तर अंतराय. अंतराय म्हंजे त्या तिथंच हात सोडून उठणार, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाणीबी घेणार न्हाईत. त्यामुळं देणाऱ्याच्या छातीत नुसतं धडधड धडधड.

आमी पहाटेपास्नं राबत हुतो. विहिरीचं पाणी गाळलं, धान्य निवडलं ते पुन्हा निवडलं. उन्हात अंगणात सगळी कलश घेऊन उभी राहिलो आणि माताजी आमच्याच दारात थांबल्या. आत्याच्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं. माताजी आत आल्या, स्वैपाकघरात पाटावर बसल्या. आत्या म्हणाली, “पहिला घास भागू देणार. तिच्याएवढं शुद्ध या घरात कोण हाय?”

बाहेर डोळं दिपवणारं ऊन, आत आमचं जुनं स्वैपाकघर, एक झरोका. भागूनं घास उचलला. मी शेजारी उभी. तिनं तो डोळ्याजवळ नेला, इकडून बघितला, तिकडून बघितला. किती वेळ बघती ही, असं मला वाटलं. आत्या तर कौतुकानं बघत राहिली, की बघा कशी शोधती. मग तिनं हात पुढं केला आणि घास माताजींच्या ओंजळीत न ठेवता ओंजळीच्या बाहेर, पाटावर ठेवला. ओंजळ हितं, घास तिथं. ती गडबडली. दुसरा घास घेतला, कसाबसा ओंजळीत टाकला. त्या घासात लांबलचक केस. काळा कुळकुळीत, पांढऱ्या भातावर. मला चार हातांवरनं दिसला.

माताजींनी हात सोडले. उठल्या.

घरात मर्तिक झाल्यासारखं झालं. आत्या मटकन खाली बसली. ह्यांचा चेहरा पांढरा फटक. आणि मी, मी भागूच्या अंगावर धावून गेले, “एवढा मोठा केस दिसला न्हाई तुला? एवढा मोठा?” ती म्हणाली, “आई, आत आलं की मला काहीच दिसत न्हाई. थोड्या येळानं दिसतंय.”

आत्या म्हणाली, “पाप झालं हातनं, आणि वर कारण सांगती.”

दुपारी मी बस्तीत माफी मागायला गेले. मला वाटलं माताजी प्रायश्चित्त सांगतील. त्या दिवसभर उपाशी, घोटभर पाण्याविना, आणि आवाजात राग म्हणून न्हाई. म्हणाल्या, “मुलीच्या हातात दोष नाही. तिचे डोळे दाखवा. आजच दाखवा.”

सतरा वर्षं पोटच्या पोरीबरोबर राहून जे मला दिसलं न्हाई, ते त्यांनी दोन घासात बघितलं.

*

मिरजेला दवाखाने मोप. डॉक्टरनं भागूच्या डोळ्यात थेंब घातले, उजेड मारला, बराच वेळ आत बघत बसला. मग मला आणि ह्यांना बाजूला घेतलं. डोळ्याच्या आत जो पडदा असतो, त्यातल्या उजेड पकडणाऱ्या पेशी मरत चालल्यात म्हणाला. आधी कडेच्या मरतात, अंधारात दिसणाऱ्या. म्हणून रात्री दिसत नाही, म्हणून आजूबाजूचं दिसत नाही, नळीतनं बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. म्हणून ती खाली बघत, पाऊल चाचपत चालते. पुढं पुढं मधल्यापण जातील.

“औषध?” हे म्हणाले.

डॉक्टरनं न्हाई म्हणून मान हलवली. मग विचारलं, “तुमचं लग्न नात्यातलं आहे का?”

हे माझ्याकडं बघाय लागले. मी छताकडं.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. दोष दोघांच्यात लपून असतो, आजा-आजीच्या एकाच रक्तातनं आलेला. एकेकट्याला त्रास देत न्हाई. दोघांचा एकत्र आला की लेकराच्या वाट्याला येतो. परत येताना हे रिक्षात म्हणाले, “आपली चूक न्हवं, चंदू. आपल्याला काय ठावं?” मी म्हणाले, “तुमी गप बसा.” घरी जाऊन मी आत्याला काय काय बोलले ते सांगत न्हाई. सोनं घरातलं घरात राहतं व्हय? राहिलं की! घ्या आता ते सोनं. आत्या एका शब्दानं उलट बोलली न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीला टेकून बसली आणि पदर तोंडात कोंबून घेतला. त्यानंतर ती फार दिवस जगली न्हाई. जाताना भागूचा हात तिनं सोडला न्हाई.

पण मला झोंबलं ते येगळंच.

भागू त्या दिवशी सगळं ऐकत हुती. डॉक्टरकडचं, माझं आत्याशी भांडण, सगळं. रात्री माझ्याजवळ यिऊन बसली. मला वाटलं, आता विचारील की मी आंधळी होणार काय. तिनं ते विचारलंच न्हाई.

“आई,” म्हणाली, “मला वाटायचं सगळ्यांनाच असं दिसतं. आणि सगळी जपून चालत न्हाईत, मी चालते, म्हणून मी चांगली.” मग थोड्या येळानं म्हणाली, “मग मी चांगली न्हवतेच काय गं?”

काय सांगणार हो मी त्या पोरीला? माझ्या जिभेवर सरस्वती नाचती असं सगळं माधवनगर म्हणतंय, आणि मी काय केलं? तिला पोटाशी धरलं, एवढंच. ती रडली न्हाई. मी रडले तर म्हणाली, “आई, रडू नको.”

तवापास्नं तिचं ते एकच. कुणी रडायचं न्हाई.

*

नऊ वर्षं गेली. गाजरं झाली, गुळवेल झाली, काढे झाले. शेजारची रंगुबाई तिला औंधला यमाईच्या पायावर घालून आली. आमचा धर्म येगळा, पण आईला कसला धर्म? मी म्हणाले जा, घालून आण. मीबी गेले असते.

आधी तिला वाचता यिनासं झालं. मग रस्ता, मग माणसं. एक दिवस मी तिच्यासमोर उभी हुते आणि ती मला हाक मारत हुती, “आई कुठं हाय?” तवा मला कळलं की तोंडबी गेलं. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं, आणि वर्षाभरापूर्वी तेबी गेलं. तिनं सांगितलं न्हाई. मीच ओळखलं. ती भरदुपारी दिव्याचं बटण लावायला गेली, आणि लागला का म्हणून विचारायला लागली.

तिनं बी.ए. केलं, ऐकून ऐकून. पाठशाळेत पोरांना शिकवती, सगळं तोंडपाठ. पोरं तिच्यावर जीव टाकत्यात. आणि घरात हसत असती. जास्त हसत असती. कुणी हळहळायला आलं की हीच त्यांची समजूत घालती. मीच चुकत असते. आपल्या बोलण्यात आंधळ्यावर किती म्हणी हायत, तुमी कवा मोजल्यात? भाजीवाल्याशी भांडताना माझ्या तोंडातनं “आंधळं दळतंय” एवढं निघतं आणि मी जीभ चावते. भागू आतनं म्हणती, “आई, म्हण की पुढं, कुत्रं पीठ खातंय!” आणि हसती.

मला त्या हसण्याचीच भीती वाटायची.

मग गेल्या दिवाळीनंतर ह्यांना कुणीतरी सांगितलं की साताऱ्याला एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली हाय, याच आजारावर तिचा अभ्यास हाय. डॉक्टर उत्कर्षा म्हणून. मी भागूला घेऊन गेले. बाई तिशीतली, मूळची आटपाडीकडची. आजोबा मेंढरं राखायचे म्हणाली. बोलायची शुद्ध, शहरातल्यासारखी, पण मधेच एखादा ‘लय’ निसटायचा. मला आवडली.

तिनं मला साधं करून सांगितलं. “काकू, घरात उजेड पडत नाही, म्हणजे बल्ब गेलाय. भाग्यश्रीचे उजेड पकडणारे बल्ब सगळे गेलेत. ते परत येत नाहीत. पण त्यांच्या मागं आणखी एक थर असतो, नसांच्या पेशींचा. भिंतीतल्या वायरीसारखा. डोळ्यातला निरोप मेंदूपर्यंत तो नेतो. पुष्कळ पेशंटमध्ये बल्ब गेले तरी वायर बरीच वर्षं जिवंत राहते. आता नवीन प्रयोग होणार आहेत. त्या जिवंत नसांनाच उजेड पकडायला शिकवायचं. नीट दिसेल असं मी म्हणत नाही. पण दार कुठंय, खिडकी कुठंय, समोर माणूस उभा आहे, एवढं कळू शकेल.”

“माणूस उभा हाय, एवढं?” मी म्हणाले.

“एवढं. आणि त्याला नस जिवंत पाहिजे. डोळ्याच्या आतल्या फोटोत भाग्यश्रीचा हा थर फार पातळ दिसतोय. पातळ म्हणजे मेलेला नव्हे. पण खात्री करावी लागेल. नस जिवंत असेल तर मी तिचं नाव प्रयोगासाठी पाठवते.”

“आणि नसंल तर?”

बाईनं चाचणीची तारीख कागदावर लिहून दिली.

घरी आल्यावर हे सारखं विचारायचे, “नस असंल की न्हाई गं?” जणू मी भागूच्या डोळ्यात जाऊन बघून आले हाय! हा माणूस कवा बोलत न्हाई, आणि आता दिवसातनं दहादा तेच. चाचणीच्या दिवशी म्हणाले, “मी येत न्हाई. माझ्याच्यानं बघवायचं न्हाई. मी बस्तीत बसतो.” उपवास धरला. मी आणि भागू सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला गेलो. वाटभर भागू मला समजावत हुती, “आई, न्हाई झालं तरी काय बिघडत न्हाई, बरं का.” मी म्हणाले, “अशुभ बोलू नको.” त्यावर ती म्हणाली, “बरं. हुईल.”

*

खोलीत अंधार केला. भागूला खुर्चीत बसवलं. खालच्या पापणीच्या आत केसासारखी बारीक तार ठेवली, कपाळाच्या कडंला एक पट्टी चिकटवली. मी कोपऱ्यात स्टुलावर. बाईनं मला आधीच सांगितलं हुतं, “काकू, बसा, पण बोलायचं नाही.”

भागूला म्हणाली, “मी बारीकसा करंट सोडणार. दुखणार नाही. आतली नस जिवंत असेल तर ती त्या करंटनं जागी होईल आणि तुला अंधारात कुठंतरी उजेडाचा ठिपका दिसेल. टिक असा आवाज होईल. आवाज झाला की सांगायचं, दिसला का नाही. अंदाजानं सांगू नकोस.”

टिक.

“दिसला?”

भागू थांबली. मी श्वास धरून बसले हुते.

“दिसला,” भागू म्हणाली.

मी श्वास सोडला. देवा रे देवा! मला वरडावंसं वाटलं. तोंडावर पदर धरला.

टिक.

“दिसला?”

“हां. दिसला. बारीक हाय.”

टिक. दिसला. टिक. दिसला. मी अंधारात बसून रडत हुते आणि हसतबी हुते. सुंदरीआत्याची आठवण आली, मनात म्हणाले, आत्या, ऐक गं, दिसतोय म्हणती, तू पाहिजे हुतीस. एक डाग नुसता, एवढाच, पण उद्या त्याचं दार हुईल, खिडकी हुईल. उद्या मी तिच्या समोर उभी राहीन आणि ती म्हणंल, आई, तू हितं हायस. मला आणखी काय नको. माझं तोंड न्हाई दिसलं तरी चालंल, नाक-डोळं नकोत, नुसतं काळं काहीतरी उभं हाय, एवढं दिसू दे.

टिकटिक थांबली. बाईनं मग उठून दिवा लावला. तिचा चेहरा बघितला आणि माझं हसणं तिथंच थांबलं.

“भाग्यश्री,” ती हळू म्हणाली, “ही चाचणी अशी असते की मधेमधे मी करंट सोडतच नाही. नुसता आवाज होतो. पेशंट आवाजावरनं सांगतोय का खरंच बघून, ते कळावं म्हणून. तू त्यालापण दिसला म्हणालीस. प्रत्येक वेळी.”

भागूनं मान खाली घातली.

मला कळंना. मी म्हणाले, “म्हंजे? मधले न्हवते तर न्हवते. पण खरे हुते ते दिसले की न्हाई? त्यातले कुठले खरे, भागू? सांग की!”

भागू खुर्चीचा हात चाचपत राहिली.

“सांग की गं!”

“आई, तू श्वास धरत हुतीस,” ती म्हणाली. “मला ऐकू येत हुता. मी दिसला म्हणाले की सोडायचीस. मग मी...”

ही पोर कवा खोटं बोलली न्हाई. लहानपणी शाळेत दुसऱ्याची पेन्सिल चुकून दप्तरात आली तर रात्रभर झोपली न्हवती. ती पोर अंधारात बसून, डोळ्यात तार घालून घिऊन, माझ्यासाठी खोटं बोलत हुती. नसलेला उजेड मला काढून देत हुती. मला सुचंना की तिच्या पाया पडू का तिच्या मुस्काटात मारू.

डॉक्टरीणबाई म्हणाली, “काकू, तुम्ही बाहेर बसा. मी पुन्हा करते. करंट वाढवून बघते. भाग्यश्री, आता खोलीत फक्त मी आहे. माझ्यासाठी काही दिसायची गरज नाही.”

मी बाहेर बाकावर जाऊन बसले. दार बंद. त्या बंद दारातनंबी मला टिक टिक ऐकू येतंय असं वाटत हुतं. मी आता श्वास घ्यायलाबी भीत हुते, न जाणो तिला आत ऐकू जाईल. काही खरे असतील, मी मनाला सांगत हुते. सगळे कशानं खोटे असतील? एखादा तरी असंल. एक चालंल की. एका दिव्यावर घर चालतंय.

दार उघडलं तवा बाई एकटीच बाहेर आली. माझ्या शेजारी बाकावर बसली. माझा हात हातात घेतला, आणि तिचं शुद्ध बोलणं पार गळून पडलं.

“आवं काकू,” म्हणाली, “लय बघितलं मी. सगळं करून बघितलं, पार वरपतोर नेलं. एकदाबी न्हाई. आत काय जागं होत न्हाई.”

“नाव पाठवणार न्हाई?”

“न्हाई, काकू. ह्या प्रयोगात घेता येणार न्हाई तिला.”

मला वाटलं मी आकाशपाताळ एक करीन. पण काय झालं न्हाई. मी म्हणाले, “बरं.” बाईला पाणी हवं का म्हणून मीच विचारलं. बघा, माणूस काय करतंय.

भागूला बाहेर आणलं. डोळे लाल झालेले, तारेनं. ती माझ्याशेजारी बसली, बाकाची कड चाचपत. तवर माझा फोन वाजला. हे.

“काय झालं?” ह्यांचा आवाज एवढा बारीक, की फोन कानात खुपसावा लागला. “चंदू, काय म्हणाल्या?”

माझ्या तोंडावर आलंच हुतं, ‘बघू म्हणाल्यात’. ‘अजून एक चाचणी हाय’. ‘आशा हाय’. उपाशी माणूस हाय, बस्तीत बसलाय, संध्याकाळपर्यंत तरी सुखानं बसू दे. आमच्या घरात गेली नऊ वर्षं असंच चाललंय, एकमेकांना सुखानं बसू द्यायचं. मी तोंड उघडलं, आणि भागूकडं बघितलं. ती माझ्याकडं तोंड करून बसली हुती, मान वाकडी करून, कान देऊन. मी काय बोलती ते ऐकायला. मी जे बोलंन ते पुढं आयुष्यभर हसत हसत धरून ठेवायला ती तयार हुती. आणि मला तिच्या तोंडावर ते सगळं लख्ख दिसलं, की ही पोर आता माझ्यापुढं, बापापुढं, पाठशाळेतल्या पोरांपुढं, मरस्तोवर दिसला दिसला म्हणत बसणार.

“न्हाई,” मी फोनमध्ये म्हणाले. मोठ्यानं. “नस मेली हाय. दोन्ही डोळ्यातली. काय उरलेलं न्हाई. तिला काय दिसलं न्हाई आणि आता दिसणार न्हाई.”

पलीकडनं मग ह्यांच्या रडण्याचा आवाज आला. गडी माणूस बस्तीत बसून मोठमोठ्यानं रडत हुता, आणि मी फोन बंद केला न्हाई. भागूला ऐकू जात हुतं. मी तिला म्हणाले, “तुझे पप्पा रडत्यात. रडू देत. त्यांना गप करायचं काम तुझं न्हाई.”

तिचा हात माझ्या मांडीवर आला. “आई,” म्हणाली, “मला लय दिसावंसं वाटत हुतं गं.”

आणि ती रडली. सतरा वर्षांची असताना रडायची राहिली हुती, ते सगळं. हंबरडा फोडून, बाकावर वाकून, लाज न ठेवता. व्हरांड्यातली माणसं वळून बघाय लागली. समोरच्या खोलीतनं दवाखान्यातला एक माणूस धावत आला, म्हणाला, “आवं मावशी, गप करा की पोरीला. आत पेशंट हायत. असं रडून कुठं काय हुतंय?”

मी उठून उभी राहिले. फोन अजून हातातच, आणि त्यातनं हे रडतच हुते.

“गप करणार न्हाई,” मी म्हणाले. “माझी पोर आंधळी झाली हाय. तिला रडू दे. तुमाला ऐकवत नसंल तर तुमी तिकडं जावा.”